हवाशीतित जुन्या मोटारगाडीचा महामार्गावरील सुरक्षित वेग

हवाशीतित जुन्या मोटारगाडीचा महामार्गावरील सुरक्षित वेग म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणारे एंजिन असलेली जुनी गाडी ज्या वेगाने दीर्घकाळ, एंजिनाची हानी न होता आणि चालकाला वेळेत थांबवता येईल अशा रीतीने चालवता येते तो वेग. हा वेग गाडीच्या कमाल वेगापेक्षा वेगळा असतो. एंजिनात निर्माण होणारी उष्णता व शीतनाने बाहेर जाणारी उष्णता यांचा समतोल, ब्रेकची क्षमता, टायरची अवस्था, रस्त्याचा चढ आणि हवामान यांवर तो ठरतो. मुंबई उपनगरांतून पुणे, नाशिक किंवा अहमदाबादच्या दिशेने निघणाऱ्या अशा गाडीला उष्ण व दमट हवा, सह्याद्रीचे घाट आणि अवजड वाहनांची दाट रहदारी या तिन्ही गोष्टींना एकाच प्रवासात तोंड द्यावे लागते. म्हणून येथे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

व्याप्ती

मोटारगाड्यांच्या इतिहासात हवाशीतनाचा वापर अनेक कारखान्यांनी केला. अमेरिकेतील फ्रँकलिन, चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा, फ्रान्समधील सिट्रोएन २ सीव्ही, इटलीतील १९५७ ची फियाट ५००, अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर आणि १९९८ पर्यंतची पोर्शे ९११ ही त्याची ठळक उदाहरणे होत. जगात सर्वाधिक प्रसार झाला तो जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचा. तिचे उत्पादन जर्मनीत १९७८ पर्यंत व मेक्सिकोत ३० जुलै २००३ पर्यंत चालू होते, आणि एकूण २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. भारतात ही गाडी आयात होऊन आली. मुंबईतील जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत ती आजही दिसते. या लेखातील आकडेमोड प्रामुख्याने बीटलला धरून केली असली, तरी तत्त्वे इतर हवाशीतित गाड्यांनाही लागू पडतात.

मुंबईकरांच्या परिचयाच्या बहुतेक जुन्या मोटारी मात्र जलशीतित आहेत. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी या दोहोंना रेडिएटर असतो. उपनगरांतील लोकांना हवाशीतनाचा जवळचा परिचय आहे तो जुन्या बजाज स्कूटर व रिक्षांमुळे. त्यांच्या एंजिनाला पंखा व त्याभोवती पत्र्याचे आवरण असे. बीटलच्या शीतनाचे तत्त्व तेच आहे. फक्त सिलिंडर एकाऐवजी चार आहेत.

पार्श्वभूमी

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० च्या दशकात ‘लोकांची गाडी’ आखली, तेव्हा नव्या जर्मन द्रुतगती मार्गांवर ताशी १०० कि.मी. वेगाने सतत चालता यावे ही एक अट होती. हिवाळ्यात पाणी गोठण्याची भीती नसावी म्हणून एंजिन हवाशीतित ठेवण्यात आले. एंजिन मुद्दामच संथ प्रकृतीचे ठेवले गेले. ११९२ घ.सें.मी. एंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७७ मि.मी., तर दट्ट्याची धाव केवळ ६४ मि.मी. आहे. धाव आखूड असल्याने दट्ट्याचा वेग कमी राहतो. शिवाय कार्ब्युरेटर व हवेचे मार्ग अरुंद असल्यामुळे एंजिन स्वतःच्या शक्तीने सपाट रस्त्यावर फार जोराने फिरू शकत नाही. त्यामुळे कारखान्याच्या पुस्तिकेत कमाल वेग आणि सतत चालवण्याचा वेग एकच दिलेला असे.

याच नोंदीमुळे पुढे गैरसमज झाला. ती नोंद नव्या गाडीसाठी, मध्य युरोपातील थंड हवेसाठी आणि वेळच्या वेळी देखभाल होणाऱ्या एंजिनासाठी होती. पन्नास-साठ वर्षे जुन्या गाडीला, मे महिन्यात ३५ ते ४० अंश सेल्सियस तापमानात, ती जशीच्या तशी लावता येत नाही.

शीतनाची रचना

बीटलचे एंजिन गाडीच्या मागील भागात असते. चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर आडवे असतात. सिलिंडर बिडाचे व त्यांची शीर्षे ॲल्युमिनियमची असून दोहोंवर पातळ पडद्यांसारख्या कडा असतात. या कडांमुळे हवेला स्पर्श होणारे क्षेत्रफळ वाढते. डायनामोच्या दांड्यावर बसवलेला पंखा पट्ट्याच्या साहाय्याने भुजादंडाच्या सुमारे पावणेदोन ते दोनपट गतीने फिरतो. तो गाडीच्या मागच्या भागातील फटींतून हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून ती सिलिंडरांवर ढकलतो.

या रचनेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

१. शीतनासाठी मिळणारी हवा गाडीच्या वेगावर नव्हे, तर एंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते.

२. पट्टा तुटला की शीतन तत्काळ थांबते.

३. पत्र्याचे आवरण किंवा एंजिनाच्या कप्प्याभोवतीचे रबर गहाळ असेल, तर खालची तापलेली हवाच पुन्हा पंख्यात ओढली जाते.

हवेइतकेच काम तेल करते. एंजिनात केवळ २.५ लिटर तेल असते. ते आवरणातील एका लहान शीतकातून फिरते. १९७० पर्यंतच्या एंजिनांत हा शीतक तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत बसवलेला होता. त्यामुळे त्या सिलिंडरला कमी व गरम हवा मिळे, आणि जोरात चालवलेल्या गाड्यांत त्याच सिलिंडरची निकास झडप प्रथम जळण्याचे किंवा तुटण्याचे प्रकार होत. १९७१ च्या गाड्यांपासून शीतकाला स्वतंत्र वाट देण्यात आली.

वेग आणि उष्णता यांचा संबंध

गाडीला विरोध करणारी हवेची रोधशक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तिच्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. टायर व रस्ता यांच्यातील विरोध मात्र जवळजवळ स्थिर असतो. सुमारे ९०० कि.ग्रॅ. भार असलेली बीटल सपाट रस्त्यावर वारा नसताना चालवण्यासाठी चाकांपाशी लागणारी शक्ती हिशेबाने साधारण अशी येते :

| वेग (ताशी कि.मी.) | लागणारी शक्ती (अश्वशक्ती) |
|---|---|
| ६० | ६ |
| ८० | १२ |
| १०० | २० |
| ११० | २६ |

ताशी ८० वरून १०० कि.मी.वर जाताना वेग एकचतुर्थांशाने वाढतो, परंतु लागणारी शक्ती सुमारे दोनतृतीयांशाने वाढते. पंख्याची हवा मात्र फेऱ्यांच्या प्रमाणात, म्हणजे एकचतुर्थांशानेच वाढते. ज्वलनाची उष्णता शीतनाच्या हवेपेक्षा अधिक झपाट्याने वाढत असल्यामुळे सिलिंडरशीर्ष व तेल यांचे तापमान चढत जाते. ३४ अश्वशक्तीचे एंजिन ताशी ८० कि.मी. वेगात आपल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी शक्तीने चालते. ताशी ११० कि.मी. वेगात, यंत्रणेतील घट धरता, त्याची बहुतेक सर्व शक्ती खर्ची पडते आणि चढ किंवा समोरचा वारा आल्यास काहीच शिल्लक उरत नाही.

बाहेरच्या हवेचे तापमान यात सरळ भर घालते. हवा वीस अंशांनी अधिक गरम असेल, तर तेल व सिलिंडरशीर्ष यांचे तापमानही ढोबळमानाने तेवढेच वर राहते. तेलाचे तापमान साधारणतः ८० ते ११० अंशांच्या दरम्यान असणे चांगले. ते १२० अंशांच्या वर टिकून राहिले, तर तेल पातळ होऊन त्याचा दाब घटतो आणि बेअरिंगांची झीज होते.

एंजिनप्रकारांनुसार वेग

पुढील कोष्टकात कारखान्याने दिलेला कमाल वेग आणि त्याच्या सुमारे तीनचतुर्थांश धरून काढलेला प्रवासाचा वेग दिला आहे. ब्रेक व टायर यांचा विचार करून शेवटच्या स्तंभाची वरची मर्यादा ताशी ९० कि.मी. ठेवली आहे. हे आकडे उत्तम अवस्थेतील गाडी, सपाट रस्ता आणि कोरडे हवामान यांसाठी आहेत.

| एंजिन (घ.सें.मी.) | अश्वशक्ती | कमाल वेग (ताशी कि.मी.) | प्रवासाचा वेग (ताशी कि.मी.) |
|---|---|---|---|
| ११३१ | २५ | १०० | ७०–७५ |
| ११९२ (१९५४ पासून) | ३० | ११० | ७५–८० |
| ११९२ (१९६० च्या दशकातील) | ३४ | ११५ | ८०–८५ |
| १२८५ | ४० | १२० | ८५–९० |
| १४९३ | ४४ | १२५ | ८५–९० |
| १५८४ | ५० | १३० | ८५–९० |

मोठ्या एंजिनाने सुरक्षित वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. मोठे एंजिन अधिक उष्णता निर्माण करते, पण चासी, ब्रेक आणि गाडीचा आकार मुळात तोच राहतो.

घाटातील चढ

चढावर वेग कमी असतो म्हणून एंजिनाला विश्रांती मिळते, ही समजूत चुकीची आहे. वीस मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ५० कि.मी. वेगाने जाण्यासाठी सपाटीवर ताशी ८० कि.मी. वेगाने जाण्यापेक्षा थोडी अधिकच शक्ती लागते. अशा वेळी गिअरची निवड निर्णायक ठरते. १२०० बीटल ताशी ५० कि.मी. वेगाने चौथ्या गिअरमध्ये असेल, तर एंजिनाच्या मिनिटाला सुमारे १६५० फेऱ्या होतात. तिसऱ्या गिअरमध्ये त्या सुमारे २३०० होतात. दोन्ही वेळी रस्त्यावर लागणारी शक्ती सारखीच असते, पण तिसऱ्या गिअरमध्ये पंखा सुमारे ४० टक्के अधिक हवा देतो.

आवाज कमी व्हावा किंवा पेट्रोल वाचावे म्हणून वरच्या गिअरमध्ये एंजिन ओढत नेणे हा हवाशीतित गाडीला घाटात होणारा सर्वांत मोठा अपाय होय. एंजिन घुसमटल्यासारखे वाटण्यापूर्वीच गिअर उतरवावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण न दाबता चढ चढावा, हा नियम आहे.

चढ संपताच गाडी एकदम बंद करू नये. एंजिन मिनिटभर रिकामे चालू ठेवल्यास पंखा साठलेली उष्णता बाहेर काढतो. तापलेल्या सिलिंडरशीर्षांवर पाणी ओतणे घातक आहे; अचानक आकुंचन पावल्याने धातूला तडे जातात. गाडी थांबल्यावर पेट्रोलपंपात किंवा नळीत इंधनाची वाफ होऊन एंजिन पुन्हा सुरू न होण्याचा प्रकार घडतो. अशा वेळी झाकण उघडे ठेवून वाट पाहणे किंवा केवळ पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवणे पुरेसे असते.

मुंबई उपनगरांतून निघणारे मार्ग

पश्चिम दिशा : अंधेरी, बोरिवली येथून पश्चिम द्रुतगती महामार्गाने दहिसर ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो. वसई, मनोर, तलासरी या पट्ट्यात मोठा घाट नाही. एकसारखा वेग राखण्यास हा मार्ग अनुकूल असला, तरी मालवाहू वाहनांची वर्दळ मोठी असल्याने पुढील वाहनापासून पुरेसे अंतर ठेवावे लागते.

नाशिक दिशा : घाटकोपर, मुलुंड येथून पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाणे व पुढे भिवंडी बाह्यवळणमार्गे नाशिककडे जाता येते. घाटकोपर व मुलुंडमधून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग हा जुन्या आग्रा रोडचाच भाग होय. या प्रवासात कसारा घाट चढून सुमारे ६०० मी. उंचीवरील इगतपुरीला पोहोचावे लागते. घाटापूर्वीच्या सपाट रस्त्यावर वेगाने गाडी चालवून तापलेले एंजिन तसेच घाटात नेण्याऐवजी पायथ्याच्या आधीचे काही किलोमीटर वेग कमी ठेवणे हितावह असते.

पुणे दिशा : शीव–पनवेल मार्गाने पुढे गेल्यावर जुना मुंबई–पुणे रस्ता व द्रुतगती मार्ग असे दोन पर्याय मिळतात. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षाही कमी उंचीवर, तर लोणावळा सुमारे ६२० मी. उंचीवर आहे. ही सर्व उंची बोरघाटात थोड्या अंतरात चढावी लागते. द्रुतगती मार्गावर इतर मोटारी बऱ्याच अधिक वेगाने जात असल्याने संथ गाडीने डावी मार्गिका सोडू नये. जुन्या रस्त्यावर वेग मुळातच कमी असतो आणि थांबण्यास जागाही मिळते. म्हणून जुन्या गाड्यांना तो अधिक मानवतो.

उपनगरांतील वाहतूक कोंडीची भीती मात्र तुलनेने कमी बाळगावी. मोटारसायकलीचे एंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. बीटलला स्वतःचा पंखा असल्याने ती उभी असतानाही हवा मिळत राहते. रिकाम्या चालणाऱ्या एंजिनात उष्णताही कमी निर्माण होते.

ब्रेक, टायर आणि स्थैर्य

एंजिन टिकले तरी गाडी थांबली पाहिजे. बहुतेक बीटल गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सततच्या वापराने ड्रम तापले की ब्रेकची पकड ढिली पडते. घाट उतरताना म्हणूनच चढताना वापरला असता त्याच गिअरमध्ये गाडी ठेवावी. चालकाला प्रतिसादासाठी दीड सेकंद लागतो व कोरड्या रस्त्यावर ब्रेक सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घटवतात असे धरल्यास थांबण्याचे एकूण अंतर असे येते : ताशी ६० कि.मी. वेगाला सुमारे ५३ मी., ८० ला ८३ मी. आणि १०० ला ११९ मी. आधुनिक गाड्या यापेक्षा बऱ्याच कमी अंतरात थांबतात. त्यामुळे पुढची गाडी अचानक थांबल्यास जुनी गाडी तिच्यावर आदळण्याचा धोका अधिक असतो. म्हातारे ब्रेक असलेल्या गाडीने मोकळ्या रस्त्यावरही आपला वेग या अंतरावरूनच ठरवावा.

जुन्या बीटलच्या मागील चाकांची जोडणी अशी आहे की वळणावर वेगात असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यास मागचे बाहेरील चाक आत दुमडून गाडी घसरू शकते. वळणापूर्वी वेग कमी करणे आणि वळणात तो स्थिर राखणे हाच त्यावर उपाय आहे. वजन मागे असल्याने आडव्या वाऱ्यात, विशेषतः खाडीवरील पुलांवर आणि मोठा ट्रक शेजारून जाताना, गाडी हलते. जुन्या गाड्या वर्षातून फार थोड्या धावतात. म्हणून टायरची नक्षी शाबूत असूनही रबर कडक होऊन चिरलेले असू शकते. अशा टायरवर महामार्गाचा वेग गाठू नये.

इंधन

या एंजिनांचे संपीडन गुणोत्तर कमी असल्याने साधे पेट्रोल त्यांना पुरते. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रसार झाला आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायूचा अंश असतो आणि कार्ब्युरेटर आपले प्रमाण आपोआप बदलत नाही. परिणामी मिश्रण विरळ होते व एंजिन अधिक तापण्याचा संभव वाढतो. त्यानुसार जेट बदलून घेणे आणि जुन्या रबरी नळ्यांच्या जागी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे आवश्यक ठरते. मागील भागात इंधनाची नळी फुटल्यास एंजिनाला आग लागू शकते, हे लक्षात घेता ही बाब केवळ वेगापुरती मर्यादित नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या काळात हवा थंड असल्याने एंजिनाला दिलासा मिळतो, पण गाडीचा सुरक्षित वेग उलट घटतो. ड्रममध्ये पाणी गेल्यास ब्रेक काही क्षण लागत नाहीत. जुन्या सहा व्होल्टच्या दिव्यांचा प्रकाश मंद असतो आणि वायपर लहान असतात. मुसळधार पावसात ताशी ५० ते ६० कि.मी. हीच मर्यादा समजावी, आणि पाणी साचलेल्या सखल रस्त्यांतून व भुयारी मार्गांतून अशी गाडी नेऊ नये.

धोक्याच्या खुणा व देखभाल

बीटलला तापमान दाखवणारा काटा नसतो. डायनामोचा लाल दिवा हीच मुख्य सूचना होय. धावत्या गाडीत तो लागल्यास पट्टा तुटला असण्याची शक्यता असते. पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाण्याचा मोह न धरता गाडी ताबडतोब रस्त्याच्या कडेला घेऊन एंजिन बंद करावे. काही किलोमीटरही तसेच गेल्यास एंजिन जाम होऊ शकते. सोबत जादा पट्टा व तो बदलण्याचा पाना असणे अत्यावश्यक आहे. तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकणे, शक्ती कमी जाणवणे, जळक्या तेलाचा वास येणे आणि चढावर ठोके ऐकू येणे याही थांबण्याच्या सूचना आहेत.

तेल दर ५,००० कि.मी. अंतराने बदलावे, कारण मूळ एंजिनात तेलगाळणी म्हणून फक्त जाळी असते. झडपांतील फट थंड एंजिनावर तपासावी. नंतरच्या बहुतेक एंजिनांसाठी ती ०.१५ मि.मी. असते. तापाने निकास झडप लांबते व फट कमी होते. फट नाहीशी झाली, तर झडप पूर्ण बसत नाही आणि जळते.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा नोंदणीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नोंदणी दहा वर्षांसाठी वैध असते. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापरास मनाई आहे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये मोटारींसाठी द्रुतगती मार्गांवर ताशी १२०, चार किंवा अधिक मार्गिकांच्या दुभाजकयुक्त रस्त्यांवर १०० आणि महापालिका हद्दीत ७० कि.मी. अशा कमाल मर्यादा ठरवल्या. स्थानिक अधिकारी त्या कमी करू शकतात, आणि प्रत्यक्ष रस्त्यावरील फलक बंधनकारक असतो. या मर्यादा कायद्याने दिलेली वरची सीमा आहेत. हवाशीतित जुन्या गाडीची स्वतःची सीमा बहुधा त्यांच्या खालीच असते.